बंबामागचा वाकडा आर्म

अहो,

तुम्ही असताना कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, समोरच तर असायचात. आज लिहितेय, कारण तुमच्या फोटोकडे मान वर करून बघवत नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि काल त्यानंतरची पहिली खंडेनवमी आली. त्यातच आपल्या सुमनला बघायला बसवनगुडीची मंडळी येणार. देवघरात विळी, कात्री, तुमची मोजपट्टी, सगळं मांडलं. आणि तुमचा तो वाकडा आर्म? पाहुण्यांसमोर ते भंगार कशाला, म्हणून मी न्हाणीत बंबामागं ढकलला.

आर्म म्हणजे काय हे तुम्हीच शिकवलंत. रानावनात चालायच्या तुमच्या नव्या गाडीचं चाक धरून ठेवणारा लोखंडी हात. तो कुठल्या पोलादाचा करावा यावरून कारखान्यात वाद, आणि नासाडी माझ्या स्वयंपाकाची! जेवताना पापड मोडून दाखवलात, पोळी दुमडून दाखवलीत. "साहेबांना पापडासारखं कडक पोलाद हवंय, मला पोळीसारखं." मी म्हटलं, "आपल्यात तर मोडेन पण वाकणार नाही म्हणतात." तुम्ही हसलात. "म्हणू देत. त्यांच्या गाडीत मी बसणार नाही."

मग एका संध्याकाळी चिखलानं भरून, कोपर सोलवटून आलात. हातात तो वाकडा आर्म. "घसरलो," एवढंच म्हणालात. तेव्हापासून दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू. मी कुरकुरायची आणि तुम्ही कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत फूल वाहायचात.

काल मंडळी उप्पिट खात होती, तेवढ्यात तुमच्या कारखान्यातला मुनियप्पा ड्रायव्हर आला. दर वर्षीसारखाच, झेंडूची माळ घेऊन. देवघराच्या उंबऱ्याशी उभा राहून शोधत राहिला.

"अक्का, तो कुठाय?"

सगळ्यांदेखत बंबामागून काढून आणला, राखेनं माखलेला. त्यानं तो खांद्यावरच्या टॉवेलनं पुसला आणि हळूच कानडीत म्हणाला, "हेब्बाळच्या तळ्यामागं चाक खडकावर आदळलं. हा वाकला, पण तुटला नाही. तुटता तर गाडी दरडीवरून खालीच. मी चालवत होतो. अण्णा शेजारी होते. म्हणाले, पोलाद मी निवडलंय, तर पहिल्यांदा मीच बसणार."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. ज्यानं तुम्हाला त्या दिवशी घरी आणलं, त्याला मी राखेत टाकलं.

पण तुम्हीसुद्धा! पोलाद इतकं समजावलंत, आणि आत तुम्ही होतात एवढं सांगता आलं नाही? घाबरेन म्हणून? घाबरले असते, रडलेही असते. पण इतकी वर्षं कुरकुरले तरी नसते.

आर्म घासला, तेल लावलं, देवघरात ठेवला. मंडळी परत येवोत न येवोत, तो आता तिथून हलणार नाही. त्याला बघून नाक मुरडणाऱ्या घरी सुमन जाणार नाही. आणि पुढच्या खंडेनवमीला त्याच्यावर पहिलं फूल मी वाहीन. तोवर फोटोकडे बघायचा धीर येईल.

तुमची,
सरस्वती