शेण मी कालवते, नाव तुमचं

प्रिय जाऊबाई,

काल माझ्या प्रणालीचं साक्षगंध झालं अन् दिवसभर सगळ्यांच्या तोंडी तुमचं नाव. म्हणून आज लिहून राहिली. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी माझा जळफळाट काही जात नाही!

झालं असं, की तिकडे समुद्रापलीकडे लढाई पेटली अन् इकडे रामाकोन्यात सिलिंडर येणं थांबलं. सौंसरचा एजन्सीवाला म्हणे, "आल्यावर फोन करतो." पांढुर्ण्याहून पंचवीस पाहुणे येणार. मी डोक्याला हात लावून बसली. तर हे काय म्हणाले? "वहिनीचा गोबरगॅस आहे ना!"

वहिनीचा? रोज सकाळी शेण कोण कालवते? थंडीत बोटं कोणाची आखडतात?

तो बांधताना तुमचं सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही मोठ्या भावजींना म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच्या देशातून येणाऱ्या गॅसवर किती दिवस शिजवायचं? त्यानं नळ बंद केला तर? शेण तर आपल्या गोठ्यातलं आहे." लगेच परसातली जागा मिळाली तुम्हाला! मी तिथंच न्हाणी मागत होती. ती अजून नाही झाली.

आदल्या दिवशी घरच्यांचं चुलीवर भागवलं अन् गॅस साठू दिला. सकाळी गॅसनं भरून टाकी चांगली वर आली होती. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, शेवटच्या पुरीपर्यंत जाळ कमी झाला नाही. खरं सांगते, त्या निळ्या जाळापुढं मला रडू आलं.

व्याहीणबाईंनी विचारलं, "गॅस कुठून मिळाला हो?" मी तोंड उघडणार, तर प्रणालीच बोलली, "आमच्या मोठ्या आईचा आहे."

बाई, पोटची पोर माझी! निदान ती तरी मला ठेवायची होती ना तुम्ही?

संध्याकाळी शेजारची रुखमा आली. तिच्या घरी चार दिवसांपासून सिलिंडर नाही. म्हणे, "मले बी असा बांधून दे ना, सुमन." तुमचं नाव नाही घेतलं तिनं. माझं घेतलं! आज सकाळी आम्ही दोघींनी तिच्या गोठ्यामागं जागा आखली.

आता ऐका. तिच्यामागून गल्लीत ज्या घरी जनावरं आहेत, तिथं तिथं मी गोबरगॅस उभा करीन. रुखमाची शेगडी पेटली, की हे मी कोणापासून शिकली ते स्वतःहून सांगीन.

पण एकदाच सांगीन हं!

तुमची धाकटी जाऊ,
सुमन