मागच्या सीटवरची बॅटरी

२७ एप्रिल १९७५, रविवार

पुष्पलतेला रेडिओ स्टेशनचं पत्र आलं. बुद्धपौर्णिमेला, म्हणजे २५ मेला, संध्याकाळी सव्वासात वाजता माझी मुलगी रेडिओवर गाणार. ती तिकडे गाणार आणि त्याच क्षणी इकडे ऐकू येणार. पत्र पूर्ण वाचलं नाही, चष्मा सापडला नाही. मुद्दा कळला.

शेजारच्या मनोहररावांना कसं कळलं कोण जाणे. कुंपणावरून म्हणाले, सगळ्यांना आमच्या व्हरांड्यात बोलवा, माझ्या ट्रान्झिस्टरवर ऐकू. साबणाच्या वडीएवढा तो ट्रान्झिस्टर. आवाज सर्दी झाल्यासारखा. त्याला चामड्याचं झबलं शिवलंय आणि हे गृहस्थ तो काखेत घेऊन भाजी आणायला जातात. किळस येते.

निश्चय: गल्ली पुष्पीचं गाणं माझ्या गाडीतून ऐकेल. गाडीत रेडिओ आहेच. आवाज वाढवला की झालं.

३० एप्रिल

सीताबर्डीवरून अ‍ॅम्प्लिफायर आणला. टपावर दोन भोंगे बसवले. धरमपेठेत अशी सिस्टिम कोणाकडे नाही.

संध्याकाळी ट्रायल. बातम्या लावल्या. पहिली बातमी दणदणीत. तिसऱ्या बातमीला निवेदकाला झोप आल्यासारखी वाटली. पाचवीला तो गेला. गाडीही सुरू होईना. बायकोने, प्रेमिलाने, धक्का मारला, मी स्टिअरिंगवर. गल्ली बघत होती. एकही माणूस उठला नाही. असल्या लोकांसाठी मी हे सगळं करतोय.

निष्कर्ष: बॅटरी किरकोळ आहे.

४ मे, रविवार

कन्हानला नत्थूजीकडे गेलो. कोळशाचे ट्रक दुरुस्त करतो. हात काळे, बनियन काळं, त्याच हाताने मला चहाचा कप दिला. प्यायलो. अजून जिभेवर ग्रीस आहे.

म्हटलं, ट्रकची बॅटरी दे, बारा व्होल्टची, असेल त्यातली सर्वांत मोठी. हा माणूस विकायचं सोडून शिकवायलाच लागला.

"भैय्याजी, माठ मोठा आणून काय होते? नळाची धार तं तेवढीच हाय. तुमच्या गाडीचा डायनमो एवढुसा, हे बॅटरी कवा भरनार?"

मी गाडीबद्दल विचारतोय, हा नळाबद्दल बोलतोय. शेवटी बॅटरी दिली. वर सांगितलं, रोज तासभर गाडी पळवा. मान हलवली. गाडी पळवली तर बॅटरी खर्च होईल एवढं या मेकॅनिकला कळू नये.

५ मे

बॅटरी बॉनेटखाली मावत नाही. गाडी बनवणाऱ्यांना दूरदृष्टी नव्हती. मागच्या सीटवर ठेवली, फ्लोअरला भोक पाडून वायर पुढे नेली. प्रेमिलाने विचारलं, मी कुठं बसू मंग? म्हटलं, पौर्णिमेपर्यंत ही गाडी बसायची नाही, ऐकायची आहे. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला अजिबात आवडत नाही.

९ मे

आवाजात खर्ज कमी पडतो. घरातल्या रेडिओचा स्पीकर काढून गाडीत मागच्या काचेशी बसवला. घरातला रेडिओ आता नुसता खोका आहे, पण गाडी दारातच उभी असताना घरात रेडिओ कशाला हवा? प्रेमिला म्हणाली, रेडिओ स्टेशनावर तीही पुष्पीसोबत जाईल, मग इथे काय उरलं नाही उरलं तिला कशाला पाहिजे. बोलली म्हणजे राग गेला.

१२ मे

पुष्पी स्वयंपाकघरात आईची ओवी म्हणत होती. माझी आई पारशिवनीकडच्या आमच्या गावी दळताना म्हणायची ती. पुष्पी लहानपणी तिच्या मांडीवर बसून शिकली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

पुष्पीला बजावलं, रेडिओवर असलं काही नको. लोक म्हणतील अजून जातं सोडलं नाही यांनी. दीक्षेच्या वर्षी जन्मलेली मुलगी तू, बुद्धगीत म्हण, स्वच्छ उच्चारात. बरं म्हणाली. गुणी पोर आहे.

१६ मे

सेहेचाळीस डिग्री. बॅटरीतलं पाणी आटलं. डिस्टिल्ड वॉटर म्हणून दुकानदार काय वाट्टेल ते विकतात, म्हणून घरच्या माठातलं शुद्ध पाणी घातलं. नंतर आठवलं की माठात वाळा टाकलेला आहे. बॅटरीला सुगंध येतो. काही बिघडत नसावं.

प्रेमिलाची पांढरी साडी सीटवरच्या अ‍ॅसिडला कधी लागली देव जाणे. धुतल्यावर चाळण झाली. पौर्णिमेला नेसायची होती. ती साडी तिने माझ्यासमोर खुंटीवर टांगून ठेवली आहे. दोन दिवस झाले, काढत नाही. आपल्याच घरात मन विटतं ते असं.

२० मे

बॅटरी वाचवण्यासाठी गाडी पंधरा दिवस जागची हलवली नाही. ऑफिसला सायकलने. घामाने शर्ट पाठीला चिकटतो, त्याला वास येतो, स्वतःचीच शिसारी येते. पण पुष्पीसाठी बाप काय करत नाही.

मनोहररावांनी फुकट सल्ला दिला की गाडी चालवली की बॅटरी भरते. त्यांच्याकडे गाडी नाही.

२५ मे, दुपारी ४

पुष्पी तयार. शोभाताईंची, म्हणजे तिच्या आत्याची, पांढरी साडी नेसली आहे. प्रेमिलाने फिकट निळी नेसली. पुष्पी म्हणाली, बाबा, स्टेशनपर्यंत सोडून द्या ना, हात गार पडले माझे. म्हटलं, आता गाडी काढली तर चार्ज उतरेल. सायकलरिक्षा करून दिली. वळणापर्यंत ती मागे बघत होती. गाडीकडेच बघत असणार. भोंगे पुसून ठेवले आहेत.

सायं. ५.४५

फायनल टेस्ट. काय आवाज! दोन घरं सोडून खिडकीची काच थरथरली. सिस्टिम गरम राहावी म्हणून सव्वासातपर्यंत चालूच ठेवणार.

७.०५

गल्ली जमली. विहाराकडून चाळीस खुर्च्या आणल्यात. मनोहररावही आले आहेत, काखेत ते झबलं. म्हटलं, ते बंद ठेवा, इथे गरज नाही.

८.३०

लिहावंसं वाटत नाही, पण कारणं नोंदवून ठेवली पाहिजेत.

सात चौदाला निवेदिका म्हणाली, "आता ऐकू या कुमारी पुष्प..." तिथेच आवाज ओढल्यासारखा जाड झाला आणि थांबला. मी बॉनेट उघडलं, मग आठवलं, बॅटरी मागे आहे. मागे गेलो. वायरी हलवल्या. सेल्फ मारला. टक. पुन्हा मारला. तेवढंही नाही.

मनोहररावांनी सगळ्यांना हळूच आपल्या व्हरांड्यात नेलं. चाळीस माणसं खुर्च्या उचलून गेली, एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मनोहरराव कुंपणाशी येऊन म्हणाले, "भैय्याजी, सुरू झालं पोरीचं. या ना." म्हटलं, आलोच, एक मिनिट, सापडलंय. काही सापडलेलं नव्हतं. आमच्या गाडीपासून त्यांच्या व्हरांड्यापर्यंत वीस पावलं असतील. पण त्या साबणाच्या वडीसमोर मी हात बांधून उभा राहू? वाळ्याचा वास येत होता. मी वायरी हलवत राहिलो.

टाळ्या ऐकू आल्या. थोड्या वेळाने पुन्हा. एका गाण्याला दोनदा टाळ्या. लोकांना कुठे थांबावं कळत नाही.

पावणेनऊ

दोघी आल्या. पुष्पी रिक्षातून उतरून थेट माझ्याकडेच आली. कसं झालं, बाबा? म्हटलं, फार छान, गल्ली दणाणली.

"अन् दुसरं? आजीचं?" ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हटलं होतं, पन म्या म्हटलंच. राग तं नाही आला?"

तेही छान झालं, म्हणालो.

"शेवटच्या ओळीले आवाज हलला माझा."

कळला नाही, म्हणालो. प्रेमिला माझ्या काळ्या हातांकडे बघत होती.

२६ मे

चष्मा सापडला. पत्रात स्पष्ट लिहिलंय: दोन गीते.

ऑफिसात तिघांनी हात मिळवला. आजीचं गाणं ऐकून आमच्या घरी सगळे रडले, असं एकजण म्हणाला. मी मान हलवली. आजचा दिवस मला माझा तिटकारा आला. उद्या कमी होईल.

१ जून, रविवार

नत्थूजी येऊन बॅटरी घेऊन गेला. झाकण उघडून हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. मागच्या सीटला ताटाएवढं भोक आहे. जुनी बॅटरी लावली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. प्रेमिला म्हणते, ती आता पुढेच बसेल. घरातल्या रेडिओला स्पीकर परत जोडला, तो खरखरतो.

संध्याकाळी मनोहरराव झाडांना पाणी घालताना गुणगुणत होते. माणसाला सूर नाही. तरी ओळखलं.

गेलो. वीस नाही, सतराच पावलं आहेत.

सहज विचारतो आहे असं दाखवून म्हटलं, काय म्हणता हो हे? त्यांनी पाण्याचा डबा खाली ठेवला, म्हणाले, तुमच्याच पोरीचं की, आणि डोळे मिटून पहिल्यापासून म्हणायला लागले. गळा फुटका. ट्रान्झिस्टरसारखीच सर्दी. पुष्पीचं रेडिओवरचं गाणं मी ऐकलं ते असं. थांबवलं नाही.

"दळण सरलं बाई, तांबडं फुटलं," इथवर आले आणि अडकले. पुढची ओळ आठवेना. दोनदा मागे जाऊन आले, तरी नाही.

"लेकरू माझं अजून निजलं," मी सांगितलं.

"म्हणजे ऐकलं होतं तं तुम्ही," मनोहरराव म्हणाले.

हो म्हणालो.