घर चर्चला, स्वयंपाकघर पोरांना

झेव, फुटबॉलात दुखावलेला गुडघा आता जिना चढू देतो का रे? ओडेसा, रक्तदाबाची गोळी रोज घेतेस ना, की अजून "आठवली तर घेते" असंच चाललंय? मार्विन, तुझं पित्त कसं आहे? माझा तुझ्यावर राग आहे, पण राग वेगळा आणि पित्त वेगळं. माझं विचाराल तर कान गेले, गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. तसं डॉक्टरांनी लिहून दिलंय, ते सोबत टाचलं आहे.

तर मी, रोझलिन फायगेन्सन, वय त्र्याऐंशी, धर्मानं ज्यू, राहणार लिंडन रस्ता, वेदरली, ओहायो, चांगल्या शुद्धीत, पोटभर नाश्ता करून आणि कुणीही मानगूट न धरता, माझ्यामागं माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते इथं सांगते. याआधी केलेली मृत्युपत्रं रद्द समजावी. ती वेगवेगळ्या माणसांवर रुसून केली होती.

कलम पहिलं : पुस्तकं. मी कॉलेजात पाऊल टाकलं नाही. नवरा लवकर गेला आणि शेजारच्या बंधुमंडळाच्या घरात, म्हणजे कॉलेजची पोरं मंडळ करून एकत्र राहतात तिथं, मी हाउस मदर म्हणून लागले. म्हणजे घरभर पोरांची पगारी आई. एके काळी इथली बाकीची मंडळं ज्यू पोरांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, म्हणून त्यांनी आपलं वेगळं घर थाटलं, ते हे. पोरं उन्हाळ्यात गावी जाताना पुस्तकं टाकून जायची. ती मी वाचली. त्यामुळं मला खडकांची माहिती पुष्कळ, आणि फ्रेंच मात्र पहिल्या काही धड्यांपुरतं. पुढची पानं कॉफीनं चिकटली होती. ही सगळी पुस्तकं मंडळाचा सध्याचा अध्यक्ष झेव ब्रॉडी याला द्यावीत. धड्यातल्या त्या फ्रेंच बाईला शेवटी तिची हरवलेली छत्री मिळाली की नाही, ते शोधून काढ बाबा.

कलम दुसरं : भांडी आणि सुऱ्या. लाल दोऱ्याच्या सुऱ्या मांसाच्या, निळ्या दोऱ्याच्या दुधादह्याच्या. आमच्यात दोन्ही एकत्र येत नाहीत. सगळा संच ओडेसा टॉलिव्हर हिला. दोरे सोडू नयेत.

कलम तिसरं, हे जरा लांबेल. वल्हांडण हा आमचा वसंतातला आठवडाभराचा सण, त्यात मंडळाच्या घरात खमिराचा, म्हणजे आंबवलेल्या धान्याचा, कणही चालत नाही. मग सणाआधी पाव, पीठ, बिअर असला सगळा माल परधर्मीय शेजाऱ्याला रीतसर विकायचा, कपाटाची किल्ली त्याच्या हातात ठेवायची आणि सण संपला की परत विकत घ्यायचा, अशी आमची रीत. आमचे खरेदीदार म्हणजे पलीकडच्या माउंट गिलियड चर्चचे कारभारी, डीकन क्लिओफस टॉलिव्हर, ओडेसाचे वडील. आयुष्यात थेंब प्यायले नाहीत, पण दर वसंतात आठवडाभर गावातल्या सगळ्यात मोठ्या बिअरसाठ्याचे मालक असायचे.

१९७४ साली मंडळाच्या कोठाराचा कारभार मार्विन सुसमनकडं होता, तेव्हा तो तिथं शिकणारा पोरगा. यानं कपाटाची किल्ली द्यायची ती स्वयंपाकघराची दिली. वर सण संपताच सगळी पोरं पिझ्झ्यावर तुटून पडली, माल परत घ्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या गुरुवारी दार उघडून डीकन आत आले, मागं चर्चच्या बायका, हातात हे मोठं पातेलं.

"बाई, जरा सरकता का? मी माझ्या स्वयंपाकघरात आलोय."

"तुमच्या?"

"किल्ली माझ्याकडं. माल माझा. परत घ्यायला कुणी आलं नाही. आमच्या चर्चच्या तळघरात गुडघाभर पाणी, आणि गुरुवारी गोरगरीब जेवायला येतात. त्यांना काय सांगू, पोरं पिझ्झा खातायत?"

मी आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना, फोन लावला. ते इतके हसले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. म्हणाले, "रोझलिन, डुकराचं मांस तेवढं आत येऊ देऊ नकोस. बाकी माणूस बरोबर बोलतोय."

तेव्हापासून दर गुरुवारी दोन्ही घरं एकाच चुलीवर रांधतात. पालेभाजीत डुकराच्या हाडाऐवजी टर्कीची धुरावलेली मान पडू लागली. डीकन पहिला घास घेऊन म्हणाले, "चव गेली, पण शेजार आला." ज्याला भूक असेल त्यानं यावं, नाव विचारायचं नाही.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. आपल्या हाती भलतीच किल्ली पडली आहे हे डीकनना त्याच क्षणी कळलं होतं का? मी कितीदा तरी विचारलं. ते नुसते टोपी सारखी करायचे. ओडेसालाही विचारलं, ती विषय बदलते. म्हणजे काहीतरी आहे.

कलम चौथं : मार्विन. आता हा माजी विद्यार्थ्यांच्या समितीचा प्रमुख. ऑगस्टपासून मंडळाचं स्वयंपाकघर मोडून तिथं व्यायामशाळा करायचं यानं ठरवलंय. गेल्या महिन्यात आम्ही सगळे तिथंच बसलो होतो.

"रोझमावशी, पोरं फोनवरून जेवण मागवतात. चूल लागते कुणाला?"

ओडेसा कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मार्विनदादा, मोडायच्या आधी ते तुमचं आहे का ते तरी बघा. माझ्या बापानं परत विकल्याचं मला आठवत नाही."

"ती गंमत होती गं!"

"पन्नास वर्षं जेवतायत माणसं त्या गमतीवर."

झेव मधे पडला. "ओडेसाकाकू, गुरुवार आम्ही बंद होऊ देणार नाही. अंगणात तंबू ठोकू."

"जानेवारीत? आईनं स्वेटर तरी दिलाय का तुला?"

हसलो सगळे. पण मार्विन निघून गेल्यावर ओडेसा हात धुता धुता मला जे बोलली, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "रोझताई, आम्ही इतकी वर्षं तुमच्या चुकीवर स्वयंपाक करतोय. चूक सुधारली की आम्ही बाहेर. एकदा तरी कुणीतरी मुद्दाम द्या की हो."

मार्विनला माझी आरामखुर्ची द्यावी. तीत बसलं की चटकन उठता येत नाही. विचार करायला वेळ मिळेल.

कलम पाचवं : घर. बंधुमंडळ आणि चर्च यांच्या मधलं माझं राहतं घर मी माउंट गिलियड चर्चला, ओडेसाच्या हाती, मुद्दाम देते. त्यातलं स्वयंपाकघर मात्र बंधुमंडळाच्या पोरांना देते, गुरुवारचं जेवण तिथं रांधावं. म्हणजे पोरांना चुलीशी जायचं तर ओडेसाच्या दारातून जावं लागेल, आणि ओडेसाला रांधायचं तर पोरांना विचारावं लागेल. वकीलबुवा म्हणाले, "बाई, घर एकाचं, खोली दुसऱ्याची, यात रोज भांडणं होतील." मी म्हटलं, "होऊ द्या. भांडायला तरी भेटतील." निम्मं निम्मं करून दिलं असतं तर मधे भिंत आली असती. मंडळात आता ज्यू नसलेली पोरंही आहेत; त्यांनाही हक्क तोच आणि खरकटी भांडी घासण्याची पाळीही तीच.

दाराच्या चौकटीवर मेझूझा आहे, आमच्या शास्त्रातल्या ओळींची सुरळी ठेवलेली डबी. घर चर्चचं झालं की ती तिथं ठेवता येत नाही, असं रब्बी म्हणतात. ती आतल्या स्वयंपाकघराच्या दाराला लावावी. ओडेसानं तिची उंची आपल्या मापानं ठरवावी, तिचं डोकं आपटायला नको.

अट एकच. या वल्हांडणाच्या आत झेव आणि ओडेसा, दोघांनी होकार द्यावा. एकानंही नाही म्हटलं, तर मृत्युपत्राचा अंमल बघणारी बँक माझ्यामागं हे घर विकेल. मार्विनची समिती इथं गाड्या लावायला जागा बघतेच आहे. म्हणजे गुरुवार संपला.

हे सगळं मी वाचून, पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते. त्यांना यातलं काही मिळत नाही, नाश्ता सोडून.

रोझलिन फायगेन्सन

साक्षीदार :
ग्वेन्डोलिन पेटिट, टपाल खात्यातून निवृत्त
सॅम्युएल अबुहाव, औषधविक्रेते

वेदरली, ओहायो. सोमवार, २५ मार्च २०२४

सहीखाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकीलबुवा म्हणतात. म्हणून हे इथं लिहिते. झेव, ओडेसा, वेगवेगळी उत्तरं पाठवू नका. दोघांनी मिळून एकाच कागदावर लिहा, म्हणजे त्यासाठी आधी एकमेकांकडं जावं लागेल. कोण कुणाकडं गेलं तेही लिहा, मला फार उत्सुकता आहे. आणि लवकर लिहा. मृत्युपत्राचं उत्तर वाचायला माणूस जिवंत लागतो.