डोंगरगवताची सळसळ

सोमवार, दिवेलागण

माझ्या नर्सरीतलं डोंगरगवत अजून मुकंच. मोलगीच्या डोंगरउतारावर कसं सळसळत होतं, लांब कुणी रेशमी लुगडं झटकावं तसं! त्या आवाजासाठीच मुळासकट आणलं. पवन्या जातीचंच असावं, पण तुरा आल्याशिवाय खात्री कशी? गिऱ्हाइकाला काय नाव सांगू? उसाच्या फडात राबलेला हात माझा, रोज पाणी पाजलं. नुसता पाला माजला. बायको हसली, "अहो, गवत शे ते, ऊस नही! कितलं पानी पाजतस?"

तिचं ऐकायला हवं होतं का?

आत्ता टाकीमागच्या, पाणी द्यायला विसरलेल्या कुंडीपाशी थबकलो. माती कोरडी, पाती पिवळी, आणि तीच सळसळ. तुरा आलाय का ते बघायला वाकलोच नाही. डोळे मिटले, तर पायाखाली मोलगीचा उतार.