घरात कापलेलं प्लास्टर

आई, आज तुझ्याशी भांडायचं आहे. तू असतीस तर भांडता आलं नसतं. तू मान खाली घालून भाजी निवडत बसली असतीस आणि माझाच आवाज आपोआप खाली आला असता. आता मधे बोलता येणार नाही तुला, तेव्हा ऐकून घे.

माझा पाय पुन्हा मोडलाय. तोच, डावा. अंगण धुताना घसरले, एवढंच निमित्त. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, महिना-दीड महिन्यात जुळेल म्हणाले. उन्हाळा संपत आला तरी हाड काही जुळायला तयार नाही. गेल्या खेपेला मी चिडून विचारलंच, "डॉक्टर, तुमच्या उपचारातच काही चुकत नाहीये ना?" त्यांना राग आला नाही. एक्सरे उजेडावर धरून त्यांनी बोट ठेवलं. "बाई, हे हाड इथं पूर्वी एकदा मोडलंय आणि तेव्हा पुरतं जुळलेलंच नाही. प्लास्टर इतक्या लवकर कुणी काढलं होतं?" मी ठसक्यात म्हणाले, "तेव्हाच्या डॉक्टरांनी, चिखलीच्या." आता ऑपरेशन करून हाडाला स्टीलची पट्टी बसवायची म्हणतात. त्यानंतर नीट चालेन की नाही, याची खात्री ते देत नाहीत.

परवा माहेराहून, उंद्रीहून, मावशी भेटायला आली. पायाकडे बघून हसायला लागली. "अवं, मांगच्या प्लास्टरनं त माह्या कात्रीची धार गेली होती! तुही माय आन् मी घाम गाळून कापून राह्यलो, आन् तू बसली दात आवळून." मी म्हटलं, "पण डॉक्टरनंच काढायला सांगितलं होतं ना, मावशी?"

"डॉक्टर? बाप्पा! डॉक्टरकडं गेलं कोण होतं? तुही माय त दिसभर माह्या घरी बसली होती. चिखलीची संध्याकाळची एस्टी आली तवा उठून घरी गेली, मांगून मी कात्री घेऊन आली. तुले पाह्याले पाहुणे येणार होते ना. म्हणे, पायात प्लास्टर दिसलं त पोरगी लंगडी म्हणून नाव होईल." मग माझं तोंड बघून तिचा हात चहाच्या कपावरच थांबला. "तुले सांगितलं नव्हतं काय वं तिनं?"

नाही सांगितलंस. तू एस्टीची वाट बघत मावशीच्या घरी बसलीस, म्हणजे मला वाटावं, आई चिखलीहून आली. मला ती संध्याकाळ अजून दिसते. स्वयंपाकघरात गरम पाण्याचं घमेलं आहे. तू डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणतेस, "डॉक्टर म्हणे, जुळलं हाड, घरीच काढून टाका." मी विचारते, "एक्सरे न काढताच कसं कळलं त्याले?" तू डोळे वटारतेस. "तू काय डॉक्टर होऊन राह्यली? टाक पाय पाण्यात." आणि मी टाकते. का नाही टाकणार? तू अंगणवाडीची बाई. पोराच्या गोळ्या कुणी मधेच बंद केल्या तर त्यांच्या दारात उभी राहून तूच ओरडायचीस, "डॉक्टरनं सांगितल्या तेवढ्या द्या, मनानं डॉक्टरकी करू नका!" तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाही तर मग कुणावर?

पाहुणे आले तेव्हा त्यांतली एक आत्याबाई म्हणाली, "पोरी, जरा दारापर्यंत चालून दाखव." मी चालले. टाच टेकली की कळ थेट डोक्यात जायची, तरी हसत चालले. परत येऊन बसले तेव्हा तुझा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, आपण दोघींनी काहीतरी जिंकलं. काय येडी होते मी!

लग्न झालं, पाय दुखतच राहिला. दर दिवाळीला माहेरी आले की मी त्या डॉक्टरला शिव्या घालायची. मेल्यानं माझ्या पायाचं वाटोळं केलं, म्हणायची. तू तेल कोमट करून माझा पाय चोळायचीस आणि म्हणायचीस, "जाऊ दे वं, त्याले काय कळते." त्याले काय कळते! सासरच्या गावात कितीजणांना मी त्याची पायरी चढू दिली नाही. त्या बिचाऱ्यानं तर प्लास्टर घालून मला घरी पाठवताना बजावलं होतं, मी म्हणेन तेव्हाच काढायचं. आई, माझा पाय मांडीवर घेऊन चोळताना एकदाही तुझ्या ओठांवर आलं नाही? हाडापेक्षा मला हे जास्त लागलंय. फसवलंस तू मला, आणि वर्षानुवर्षं फसवत राहिलीस.

मावशी म्हणते, मायचा जीव होता, स्थळ चांगलं होतं, हातचं गेलं असतं. होतं चांगलं. माझा संसार वाईट झाला नाही, हे कबूल. पण म्हणून काय झालं?

हे लिहून कपाटात ठेवणार आहे, दुसरं करणार काय. पण एक तुला कधी सांगितलं नव्हतं. ते पाहुणे आले त्याच्या आदल्या वर्षी मोताळ्याला एका लग्नात मी ह्यांना पाहिलं होतं. पंगतीत बुंदी वाढत होते, आणि नको नको म्हणत असताना माझ्या पानात दुसऱ्यांदा वाढून गेले. तेच बघायला येणार, हे कळलं त्या दिवशी मी आनंदानं जेवले नव्हते. तू समोर बसून खरं सांगितलं असतंस, की आता प्लास्टर काढलं तर पाय जन्माचा अधू होईल आणि नाही काढलं तर हे स्थळ जाईल, बोल काय करायचं, तर मी काढ म्हटलं असतं, आई. तू विचारायचं होतंस.