पिल्लू ओरडलं तर

बाबा,

तुम्हाला नुकताच डोळा लागला होता, म्हणून न उठवताच निघाले. उद्या कामावर हजर व्हायलाच हवं.

पोट भरूनही पिल्लू म्याव म्याव करत राहिलं, तर त्याला सोबत हवी असते, जवळ घ्या. घुरघुरलं की समजा, खुशीत आहे. फिस्कारलं तर मात्र हात लावू नका. नखांची टोकं मी कापली आहेत. तरी आईची शाल ओरबाडायला लागलं, तर हाकलू नका. खुर्चीच्या पायाला गोणपाट बांधलंय, तिथे नेऊन सोडा.

काल त्यानं बोचकारलं तेव्हा तुम्ही खेकसलात, "अरे, माणूस आहे मी!" आई गेल्यापासून तुमचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्याशी नाही, तर त्याच्याशी तरी बोलत जा.

— छकुली