सर्व्हर माझ्या नावावर आहे

२ फेब्रुवारी
आजपासून साडूंशी वैर. त्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानांची वेबसाइट मी बनवली. माझ्याच सर्व्हरवर ठेवली. तळाला बारीक अक्षरात माझं नाव होतं. आज पाहतो तर वेबसाइटचा रंग बदललेला आणि नाव गायब. मला साधं विचारलंसुद्धा नाही! हेड ऑफिसला फोन लावला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, आपण कोण?
आपण कोण ते लवकरच कळेल.

३ फेब्रुवारी, सकाळ
योजना तयार. शहरभर त्यांच्या फ्रँचायझी, आणि कपडे न्यायला या असं गिऱ्हाईक सांगतं ते वेबसाइटवरूनच. सर्व्हर बंद केला की सगळी दुकानं माशा मारत बसतील. साडू हात जोडत घरी येतील. मी चहा विचारणार नाही. पासवर्ड माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

दुपार
पासवर्ड आठवेना. शेवटी हिला विचारला. हिने शर्टाचं बटण लावता लावता मान वर न करता सांगितला.

४ फेब्रुवारी
बंद केला. 
खालच्या गल्लीतली फ्रँचायझी हिची आहे. तिचं पान उघडून पाहिलं : पांढरं फटक. बाकीच्या दुकानांची पानं मात्र अजून उघडतायत. ते कॅशमुळे, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतीमुळे. वेबसाइट मेली तरी तिची सावली दोन-चार दिवस फिरत राहते. सामान्य माणसाला हे कळत नाही.
हिला तूर्त काही बोललेलो नाही. लढाईत थोडं नुकसान आपलंही व्हायचंच.

८ फेब्रुवारी
हिच्या दुकानात शुकशुकाट. स्टीम प्रेस थंड. कपडे पोचवणारा माणूस काम नाही म्हणून दुसरीकडे लागला. हिने विचारलं, वेबसाइट ठीक आहे ना? माझ्याकडून ठीक आहे, म्हणालो. हे खोटं नाही. माझ्याकडून सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय.
आपली ही दशा, तर बाकीच्यांचं काय झालं असेल! साडूंच्या तोंडचं पाणी पळालं असणार. संध्याकाळी छान भूक लागली.

११ फेब्रुवारी
समोरच्या फुटपाथवरून साडूंच्या मोठ्या दुकानाची पाहणी. दाराबाहेर रांग. उघड आहे, ऑनलाइन बुकिंग होत नाही म्हणून माणसं भांडायला आली आहेत. दोघं-तिघं हसत होते. संतापाने माणूस हसतोही.
सावली अजून फिरतेच आहे. कॅश चिवट दिसते.

१४ फेब्रुवारी
हेड ऑफिसने हिला कळवलंय, महिनाअखेरीपर्यंत कामं वाढली नाहीत तर फ्रँचायझी दुसऱ्याला देऊ. ही जेवली नाही. हँगर पुसत बसली, सगळे स्वच्छ असताना.
मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. सर्व्हर चालू करायला उठलोसुद्धा. पण मग साडूंना वाटणार की मी नमलो. ठरवलं, त्यांचा एक फोन आला की लगेच चालू करायचा. एकच.
फोन बिघडला नाही ना, हे हिच्या फोनवरून तपासलं. वाजतो.

१८ फेब्रुवारी
साडू आले! कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. त्यांनी हात वगैरे जोडले नाहीत. माझ्या तोंडून चहाचं निघून गेलं, तेही दोनदा.
ते सहज म्हणाले, तुमचा सर्व्हर बिघडलाय का? बाकी सगळी दुकानं गेल्या वर्षीच नव्या होस्टिंगवर नेली, तेव्हाच वेबसाइट नवी झाली. जुन्यावर हे एकच दुकान राहिलंय.
एकच का, हे मी विचारायला नको होतं. साडूंनी हिच्याकडे पाहिलं.
ही म्हणाली, "मीच भाऊजींना सांगितलं होतं. एक तरी दुकान यांच्याकडे राहू दे. नाहीतर यांना फार लागेल."
दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, कॅश.
हो, सर्व्हर बिघडलाच होता, असं हिनेच सांगून टाकलं. साडू गेल्यावर कपबशा उचलताना हिने विचारलं, त्या दिवशी पासवर्ड यासाठीच मागितलात का? मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

२१ फेब्रुवारी
हिचं दुकान नव्या होस्टिंगवर गेलं. दुपारपर्यंत कामांची रीघ. फ्रँचायझी वाचेल म्हणतात. माझ्या सर्व्हरवर आता काहीही नाही. अजून माझ्याच नावावर आहे.
हिच्या दुकानाचं पान उघडून पाहिलं. तळाला बारीक अक्षरात माझं नाव! डोळ्यांत पाणी आलं. चष्मा लावून पुढचं वाचलं : कपडे नेण्या-आणण्यासाठी संपर्क.
तेवढ्यात साडूंचा फोन आला. दोन ब्लँकेटं आणि एक कोट. मी म्हणालो, हो, लगेच येतो.